यातली हिरवी कोणती

माणसाचा हात हातात घेतला की त्याचं निम्मं घर कळतं, असं बाबा म्हणायचे. ते पेटी घेऊन गावोगाव बांगड्या भरत फिरायचे आणि शहापूरच्या एसटी स्टँडसमोरचं दुकान माझ्यावर सोडायचे. बायकांचे हात मी पुष्कळ वाचले. पुरुषाचा वाचायची वेळ आली नव्हती...

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीआधी वाल्मिक आला, तो बहिणीच्या मागून, पिशव्या धरायला. तिच्या बांगड्या मी रद्दीत गुंडाळल्या, दोरा लावणार, तेवढ्यात हा म्हणाला,

"थांब. दुसऱ्या कागदात बांध."

"का? याला काय झालं?"

"हा मला पायजे."

कागदावर विमान होतं. खाली कुठल्याशा कॉलेजची जाहिरात — पदवी आणि विमान चालवायचं शिक्षण, दोन्ही एकाच ठिकाणी.

"आमच्याकडं बांगड्या मिळतात," मी म्हटलं. "विमानं पुढच्या गल्लीत."

बहीण हसली. तो हसला नाही. नवी नवरी शालूची घडी घालते तशी त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

धसईच्या चांगोचा हा एकुलता मुलगा, मुरबाडला सायन्स शिकणारा. त्या दिवसापासून त्याला शहापुरात फार कामं निघू लागली. धसईहून मुरबाड, तिथून दुसरी एसटी पकडून माणूस रद्दी चाळायला येतो आणि म्हणतो, "इकडनंच चाललो होतो." मीही काही कमी नव्हते. रद्दीवाल्याकडून इंग्रजी कागद आधीच वेगळे काढून ठेवायचे.

पुढे त्यानं पत्रं टाकून कॉलेजांची माहितीपत्रकं मागवली. तो ती काचेच्या कपाटावर पसरायचा आणि न्याय मी करायचे.

"हे दक्षिणेतलं बघ, बाळे. चार विमानं हायेत."

"चार नाय. एकच हाय."

"चार फोटो दिसत नाय का गो तुला?"

"शेपटीवरचा नंबर बघ. चारी फोटोंत तोच. दिवाळीला आमी पण एकच माल चार ठिकाणी मांडतो."

तो वाकला. केसांना खोबरेलाचा वास होता. वाकलेलाच राहून हळूच म्हणाला,

"माझ्या विमानात बसशील?"

"नंबर बघून सांगेन."

दुसऱ्या कॉलेजचा नियम होता — आधी डॉक्टरची तपासणी, मग प्रवेश. नजर पक्की हवी, सगळे रंग ओळखता यायला हवेत. "माझी नजर घारीची हाय," म्हणत त्यानं पान उलटलं. त्याचं मन दक्षिणेतल्यावरच होतं. तिथं म्हणे वसतिगृहाच्या खिडकीतून धावपट्टी दिसायची, आणि डॉक्टरची तपासणी पैसे भरल्यावर व्हायची.

शिमग्याच्या सुमारास तो भर दुपारी आला. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"ठरलं," तो म्हणाला. "बाबांनी ओढ्याकडचं शेत विकायला काढलंय. सोमवारी विसार घेतील, की लगेच मी कॉलेजात पैसे भरणार."

'आणि मी?' हे मी विचारलं नाही. डबे पुसत राहिले.

"हात दे."

"कासाराच्या पोरीला बांगड्या भरतोस?"

"तुला कोण भरतं मग? दे..."

समोरच्या तबकातून त्यानं दोन बांगड्या उचलल्या. माझं मनगट मऊ झालं होतं. काच घसरत वर गेली.

"हिरव्या हायेत," तो म्हणाला. "हिरव्याचा अर्थ कळतो ना? मी परत येईपर्यंत काढू नको."

मी हाताकडं पाहिलं. बांगड्या तपकिरी होत्या.

आधी वाटलं, थट्टा करतोय. मग मी तबकातली एक हिरवी आणि एक तपकिरी त्याच्यापुढं ठेवली.

"यातली हिरवी कोणती?"

तो हसला. "दोनी."

बाहेर मुरबाडची एसटी लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता. गप्प बसले असते तर हातातल्या बांगड्या हिरव्याच राहिल्या असत्या... आणि त्याच्या बापाचं शेत गेलं असतं.

"वाल्मिक, ह्या तपकिरी हायेत. विसार घ्यायच्या आधी ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा."

त्यानं दोन्ही बांगड्या उजेडात धरून पाहिल्या. मग चेहरा उतरला, आणि उतरलेल्या चेहऱ्यावर राग चढला.

"मी जायला नको, म्हणून बोलतेस."

"तू जायला नकोच हायेस मला. पण ते वेगळं."

"जातो डॉक्टरकडं," तो पायरी उतरत म्हणाला. "तुला खोटं पाडायला जातो."

मी खोटी पडावी म्हणून मी देवापुढं नारळ बोलले. देवानं ऐकलं नाही. डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, बहिणीनं नंतर सांगितलं. त्या ठिपक्यांत इतरांना आकडे दिसतात. दादाला ठिपकेच दिसले.

शेत राहिलं. विमान गेलं. आणि तो शहापूरला यायचा थांबला. मुरबाडच्या कारखान्यात लागला, एवढं कळलं. जिच्या तोंडानं आपलं आभाळ मोडलं, तिच्याच हातचा चहा जन्मभर कसा प्यायचा? त्याचा हिशोब मला समजत होता, म्हणूनच जास्त लागायचा.

दोन वर्षांनी, लग्नसराईत, बस्ता बांधायला आलेली माणसं दुकानात शिरली. पुढं त्याची बहीण, तिच्यासोबत नवरी मुलगी, अक्षदा. तो मागं, पिशव्या धरून.

अक्षदानं लाजत दोन नमुने त्याच्यापुढं केले. "यातल्या कुठल्या घेऊ?"

"मला रंग कळत नाय," तो सरळ म्हणाला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तिला कळतो. ती देईल त्या घे."

मी अक्षदाचा हात हातात घेतला. मऊ हात, कामाचा, भाबडा. चांगलं घर. एकही काच न वाढवता — बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात — मी तिचा हिरवा चुडा भरला.

उरलेल्या बांगड्या बांधायला कागद उचलला, तेव्हा दोन्ही बाजू बघून घेतल्या. विमान नव्हतं.

बायका पायरी उतरल्या. पुडा घ्यायला तो मागं राहिला. त्याची नजर माझ्या मनगटावर होती. कासाराच्या हातातली काच सहसा वाढत नाही. त्यानं भरलेल्या त्या दोन अजून होत्या.

"तुझं पण झालं वाटतं..." तो म्हणाला. "हिरव्या ना गो त्या?"

एसटीची घंटी वाजली. मी पुडा त्याच्या हातात दिला.

"हिरव्याच," मी म्हटलं.