तळव्याचा तुकडा

खेळण्याचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घालतात. त्यांतल्या काहींना लहान मुलांच्या खेळण्यांत बंदी आहे. ती शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. बाहुली असली की नमुना तळव्यातून कापायचा, म्हणजे दिसत नाही. कापताना मी "झालं हं, झालं" असं पुटपुटायचो. प्रयोगशाळेत त्यावरून मला 'दाई' म्हणत.

ती सवय घरची. माझी लेक नखं कापून घेताना पायाची बोटं आत वळवायची. शाळेत जायच्या आधीच ती तापानं गेली. तिची एक बाहुली तेवढी उरली. आता नातीला दात येत होते आणि ती बाहुलीचा हात चघळत बसे.

"बाबा, तुम्हीच तपासा," सून म्हणाली. "पण काही निघालं तर मी टाकून देणार हं. रागावू नका."

माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता प्रयोगशाळेची प्रमुख आहे. "या, दाई!" ती हसली. "पातं तुम्हीच धरा."

मी डाव्या तळव्यातून नखाएवढा तुकडा कापला. या वेळी तोंडातून 'झालं हं' मात्र फुटलं नाही.

"सर, यात काहीच नाही," निकाल पाहून ती म्हणाली.

"बरं झालं की."

"बरं कसलं? मग ही पाइपासारखी कडक हवी. दाबून बघा."

दाबली. गालासारखी मऊ.

माझंच काही चुकलं असणार. पुन्हा तपासलं. तेच. त्याच दिवशी तपासायला आलेल्या एका खेळण्यातल्या बदकातलं रसायन मशीननं बरोबर पकडलं होतं. उरलेला तुकडा तिनं चिमट्यानं उचलून काचेवर टाकला. तो खड्यासारखा टक् वाजला.

मी बाहुली पिशवीत घातली.

"काही निघालं नाही," घरी येऊन मी सांगितलं. "राहू दे तिच्याजवळ."

"हुश्श!" सून म्हणाली.

दुपारी नात झोपली. बाहुली तिच्या कुशीतून घसरली, म्हणून उचलायला वाकलो.

उजव्या पायाची बोटं साच्यातून आली तशीच सरळ होती.

डाव्या पायाची आत वळलेली.

मी तो पाय हातात धरून बसलो. धीर होईना.

"झालं हं," शेवटी म्हणालो. "झालं."

माझ्या अंगठ्याखाली ती बोटं एकेक करून सैल झाली.