सेंदाईतली काळी टाकी

व्हॉल्व्ह उघडला की सूंऽऽ असा बारीक आवाज येतो. पोरांनो, तीस वर्षं मी गॅसच्या टाक्या पोचवल्या. पण एकदा ऐकलेला आवाज निराळा होता. कुणीतरी ओठ लावून आत ओढून घ्यावं, तसा.

बारा वर्षं झाली. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. विद्यापीठातून तोदोरोकीचा, तिथे पदवीसाठी प्रयोग करणाऱ्या पोराचा, फोन आला, प्राणवायू संपला. मंगळवारीच भरलेली टाकी दिली होती. रात्री साडेदहाला मी दुसरी काळी टाकी ढकलत तळघरात पोचलो.

"पितोस की काय रे?"

"पीत असतो तर झोप तरी लागली असती, काका."

तो भट्टीत डोळ्याला दिसेल न दिसेल असा पापुद्रा बनवायचा. गार केल्यावर त्यातून वीज न अडखळता धावायला हवी. मी शाळा लवकर सोडलेला. मला कळलं ते एवढंच. तापलेल्या पापुद्र्यातला प्राणवायू उडून जातो. म्हणून तो निवताना हळूहळू परत पाजायचा. कमी पडला की पापुद्रा मेला. तीन मेले होते. सकाळी नऊला सरांना चौथा दाखवायचा, नाहीतर पदवी गेली.

"गळती असेल."

"चारदा तपासलं. नाहीये."

त्याला एकटं सोडवेना, म्हणून मी थांबलो. पावणेदोनला भट्टी पाचशे अंशांवर उतरली. त्यानं व्हॉल्व्ह उघडला. दाबाचा काटा चढला. थांबला. मग उतरू लागला.

त्यानं आणखी उघडला. काटा खालीच.

"काका... ऐकू येतंय?"

येत होतं.

तो खाली बसला. "शीइनाताई इथेच पडल्या होत्या."

मला ठाऊक होतं. त्याच्याच प्रयोगशाळेतली वरच्या वर्षाची पोरगी, आदल्या वसंतात इथे गुदमरून गेली. द्रवरूप नायट्रोजन गळला, खोलीत श्वासापुरती हवा उरली नाही. भिंतीवरची धोक्याची घंटा वाजलीच नाही. का, ते कुणाला कळलं नाही.

"सारखी उगाच वाजायची," तो म्हणाला. "मी इथेच झोपायचो ना... मीच बंद केली होती."

मी म्हटलं, "बाळा, वरच्या मजल्यावर दुसरी भट्टी आहे. तिथे ने पापुद्रा. अजून वेळ आहे."

"आणि हा व्हॉल्व्ह बंद करू?"

मी काट्याकडे पाहिलं. तो अजून उतरतच होता.

"त्यांना अजून पुरला नाहीये, काका."

त्यानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

आम्ही बसून राहिलो. तीन वाजले. चार. आवाज थांबेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच.

पाचला टाकी रिकामी झाली.

मग तो भट्टीच्या काचेपाशी गेला. मीही गेलो. काचेवर आतून वाफेचा एक गोल डाग. थंडीत खिडकीशी तोंड नेल्यावर उमटतो, तसा. काच इतकी तापलेली की बोटाला चटका बसला. तिथे वाफ टिकणार कशी?

डाग लहान झाला... मोठा झाला... लहान...

तोदोरोकी काचेसमोर, माफी मागावी तसा, कमरेत वाकला. बराच वेळ तसाच राहिला. मग पापुद्रा न काढता, जॅकेटही न घेता जिना चढून निघून गेला.