वायर अडते तेव्हा

कॅथ लॅबच्या, म्हणजे नसांत नळी घालून उपचार करायच्या खोलीच्या, दाराशी शिशाचे एप्रन टांगलेले असत. एक्स-रेपासून जपणारे, अंगावर चढवले की खांदे खाली ओढणारे, सगळे एकजात करडे. फक्त एक जांभळा होता, प्रांजल घाडीगावकरचा. मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात टेक्निशियन म्हणून ती कायम झाली तेव्हा तिने भांडून तो रंग मागवला होता. आणि त्या सकाळी नेमका तोच जागेवर नव्हता.

शोधत ती आत गेली, तर एक उंच मुलगा पाठमोरा उभा राहून मॉनिटर न्याहाळत होता. अंगात जांभळा एप्रन... गुडघ्यांच्या पार वर आलेला.

"एक्सक्यूज मी, तो एप्रन माझा आहे."

"नाव लिहिलंय का?" तो वळला. डोक्यावर टोपी, नाकावर मास्क. दिसत होते ते फक्त डोळे—तपकिरी आणि हसू दाबणारे.

"लिहिलंय ना. पाठीवर. मघापासून तुम्ही 'प्रांजल' होऊन फिरताय."

"तरीच!" तो म्हणाला. "बाहेर वॉर्डबॉय मामांनी हाक मारली, 'प्रांजल मॅडम, आज उंच दिसताय.'"

तिला हसायचं नव्हतं. मास्कच्या आड ती हसलीच.

तो शेर्विन मिस्किटा. मरोळ गावठाणातला, मुंबईचा मूळचा ख्रिस्ती, आणि मराठी असं अस्सल की सुरुवातीला सगळेच चकित व्हायचे. "घरी आम्ही मराठीच बोलतो," तो सांगायचा. "तुम्ही कोकणातून आलात त्याच्या आधीपासून." नसांमध्ये घालायची कॅथेटर्स बनवणाऱ्या एका कंपनीत तो होता. पायाची नस आतून कडक होऊन बुजली की जांघेतून एक केसासारखी वायर आत सरकवायची, तिच्यावरून बारीक नळी न्यायची आणि नळीच्या टोकाशी फिरणाऱ्या पात्याने साचलेलं खरवडून काढायचं, असं त्यांचं नवं कॅथेटर होतं. डॉक्टर मिराशी मॅडमनी ते वापरायला घेतलं होतं. टेबलावर ते तयार करून द्यायचं काम प्रांजलचं, म्हणून शेर्विन अधूनमधून शिकवायला यायचा.

आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला.

"वायरला जोर आवडत नाही," तो म्हणायचा. "बोटांत धर... अशी. हळू फिरव. अडली तर ढकलू नकोस. मागे ये, थांब, पुन्हा वाट विचार."

"कोणाला विचारू?"

"ज्याच्याकडे जायचंय त्यालाच."

हे वायरबद्दल होतं ना? भांडुपला घरी पोहोचेपर्यंत प्रांजल हाच विचार करत राहायची. वायरबद्दलच असणार. ट्रेनिंगच चाललं होतं. मग असं बोलताना त्याने आवाज का खाली आणला होता?

"तो सगळ्यांशीच असा बोलतो गं," लॅबमधली सिस्टर सपना म्हणाली. "गोड बोलणं ही नोकरीच आहे त्याची."

प्रांजलने त्याला सरळच विचारलं. "तू सगळ्यांना असंच शिकवतोस?"

"सगळ्यांना," तो म्हणाला. मग सलाइनच्या सिरिंजमधला बुडबुडा टिचकीने वर काढत, तिच्याकडे न बघता... "सगळ्या हसत नाहीत पण."

घ्या! आता याचा काय अर्थ लावायचा?

त्यात आणखी एक झालं. एकदा दुपारी हॉस्पिटलसमोरच्या गाडीवर ती वडापाव घेत होती, तर शेजारचा एक मुलगा म्हणाला, "काय गं, ओळख नाही?" आवाज शेर्विनचा. चेहरा... भलत्याचाच! इतके दिवस तिने मास्कखाली मनानेच एक चेहरा काढून ठेवला होता. दाढी, पातळ ओठ, जरा गंभीर. इथे गोल हनुवटी होती, पुढचा एक दात वाकडा, आणि ओठाला लसणीची चटणी.

ती दोन दिवस त्याच्यावर रुसल्यासारखी वागली. जणू त्याने काही फसवलं होतं.

"माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"काही नाही म्हटलं ना!" काय सांगणार? तुझी हनुवटी चुकली म्हणून?

आणि त्यानंतरच्या केसला, तो मास्क लावून समोर उभा असताना, तिच्या लक्षात आलं की आपण मास्कमागे तो वाकडा दात शोधतोय. वाट लागली, ती मनात म्हणाली.

ऑक्टोबर तापला होता. रविवारी दुपारी पंख्याखाली बसूनही सगळे घामाने निथळत होते, आणि तिचे बाबा, दशरथ घाडीगावकर, पायांत लोकरीचे मोजे घालून पेपर वाचत होते.

"बाबा, मोजे काय घातलेत?"

"थंडी वाजता."

"या उकाड्यात?"

तिने वाकून मोजा ओढला. अंगठा काळा पडत चालला होता. बाजूला जखम, आणि तिच्यावर आईची हळद. बाबांना साखरेचा आजार होता, चालताना पोटऱ्या दुखतात असं ते अधूनमधून म्हणत, आणि रोज दुसऱ्यांच्या बुजलेल्या नसा बघणारी त्यांची मुलगी "बघू हं" म्हणून डबा घेऊन निघून जाई.

"तुका आणखी ताप कित्याक, म्हणान सांगूक नाय," बाबा पुटपुटले. मग हळूच... "बाय, पाय कापूचो लागतलो काय?"

"नाही हो बाबा," ती म्हणाली. फारच पटकन म्हणाली. आणि गॅलरीत जाऊन तिने फोन लावला.

"हॅलो?" शेर्विनचा आवाज आला तेव्हा ती भानावर आली. पुण्याला दादा होता. मिराशी मॅडम होत्या. त्या सगळ्यांच्या आधी आपण याला का फोन लावला?

"प्रांजल? रडतेयस तू?" तिचा हुंदका त्याला ऐकू गेला. "रड. मी आहे फोनवर. झालं की सांग."

तिने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "आत्ताच्या आत्ता मॅडमना फोन कर. मी ठेवतो."

मॅडमनी वेळ घालवला नाही. तपासण्या झाल्या, बाबांना दाखल केलं. "मॅडम, आपण ते खरवडायचं कॅथेटरच वापरू ना?" प्रांजलने विचारलं. त्या कॅथेटरने किती जण चालत घरी गेलेले तिने पाहिले होते. "नस काय म्हणते ते बघू," मॅडम म्हणाल्या. "आणि तू टेबलावर नाही यायचंस. बाहेर थांब."

म्हणून त्या दिवशी प्रांजल काचेच्या पलीकडे, कंट्रोल रूममध्ये उभी होती. आतलं बोलणं स्पीकरवरून ऐकू येत होतं. पडद्यावर बाबांच्या पायातली वायर गुडघ्याखाली सरकली... अडली... मागे आली. पुन्हा अडली. मग एकदम सुटून पुढे गेली.

"शेर्विन, कॅथेटर उघड," मॅडम म्हणाल्या.

शेर्विनच्या हातात खोका होता. त्याने सील तोडलं नाही. तो पडद्याकडे बघत राहिला.

"मॅडम... एक मिनिट."

"बोल."

"मधे वायर नसेच्या पोकळीतून गेल्यासारखी वाटत नाहीये मला. भिंतीत शिरून पुढे निघाल्यासारखी वाटतेय. तसं असेल आणि आत पातं फिरवलं... तर नस फाटेल."

मॅडमनी एक्स-रेचं यंत्र तिरकं वळवून पुन्हा पाहिलं. "मलाही शंका येतेय," त्या म्हणाल्या. "असेलही, नसेलही. पण नको. सपना, कपाटातला लांब फुगा दे."

नसेत फुगवून वाट रुंद करायचा तो फुगा दुसऱ्याच कंपनीचा होता. शेर्विनने आपला खोका पिशवीत ठेवला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

काचेमागे प्रांजलला काही कळेना. इतके महिने ज्याचं कौतुक केलं, ते कॅथेटर नेमकं माझ्या बाबांच्या वेळी नको? म्हणजे ते वाईट आहे? की काही बिघडलं तर नाव खराब होईल म्हणून याने अंग काढून घेतलं?

नसेत फुगा फुगला, थांबला, बसला. एक्स-रेत काळं दिसणारं औषध सोडल्यावर पडद्यावर काळी रेघ घोट्यापर्यंत धावली, आणि तिथून थेट बोटांकडे. सपनाने काचेतून हाताचा अंगठा वर करून 'झालं' अशी खूण केली. प्रांजल खुर्चीत बसली आणि पोटभर रडली.

मग उठून बाहेर गेली. शेर्विन पॅसेजमध्ये एप्रनचे बंद सोडत होता.

"का नाही दिलंस?"

"दिसलं ते सांगितलं."

"दुसऱ्या कोणाचा पाय असता तरी सांगितलं असतंस?"

"सांगितलं असतं." त्याने एप्रन खुंटीला अडकवला. "असं मी मघापासून स्वतःला बजावतोय. खरं सांगू? मला माहीत नाही. मी घाबरलो होतो, प्रांजल. इतक्या केसेस बघितल्या, कधी नाही घाबरलो. मला ते खरंच दिसलं, की घाबरलो म्हणून तसं दिसलं... नाही सांगता येत."

"पण घाबरलास कशाला?"

"तुझे बाबा होते ना गं."

प्रांजलने काहीतरी बोलायला हवं होतं. निदान थँक्यू तरी. पण तेवढ्यात बाबांची ट्रॉली बाहेर आली आणि ती तिकडे धावली.

पुढच्या केसला शेर्विन आला नाही. त्याच्या जागी विकी नावाचा मुलगा आला. शेर्विननेच ऑफिसात सांगितलं होतं म्हणे, मुलुंडला दुसऱ्या कोणाला पाठवा, माझं तिथे डोकं ठिकाणावर नसतं. विकी हुशार होता, वेळेवर येणारा. त्याने वायर हातात घेतली आणि घडाघडा म्हणाला, "मॅडम, एक लक्षात ठेवा. वायरला जोर आवडत नाही."

प्रांजलचा हात थांबला. म्हणजे हे कंपनीचं वाक्य होतं? पाठ केलेलं? सपना तिच्याकडे बघत होती, सांगितलं होतं ना, अशी.

"आणि... अडली तर?" प्रांजलने विचारलं. "वाट विचारायची ना?"

विकी गडबडला. "वाट? कोणाला विचारायची? अडली की डॉक्टरांना सांगायचं, मॅडम. असं कुठे शिकवत नाहीत आम्हाला."

ती हसायला लागली. विकीला काही कळलं नाही, आणि तिलाही पुरतं कळलं होतं असं नाही.

घरी बाबा रोज विचारत होते. जखम भरत आली होती, अंगठा वाचला होता. "तो चेडो खंय रवलो गो? माझो पाय वाचवल्यान तो?"

"पाय मॅडमनी वाचवला, बाबा."

"त्यांका पेढे दिलंय. ह्येका काय दिलंय?"

शेवटी तिने फोन केला. "बाबा बोलावतायत. रविवारी जेवायला ये."

"बाबा बोलावतायत?"

"...हो. बाबाच."

शेर्विन आला तो आईच्या हातचे फुगे घेऊन. त्याच्या आईने, जोसेफीनबाईंनी, पहाटे उठून तळलेले, मैद्याचे, मऊ, गोलमटोल, सणासुदीला गावठाणात घरोघरी होतात तसले. बाबांनी एक उचलून दाबून पाहिला.

"ह्यां काय?"

"फुगे, काका."

"येक फुगो पायात घातल्यात, आता दुसरो तोंडात?" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आई, वनमालाबाई, मात्र ताट वाढता वाढता चौकशी करत होती. "मिस्किटा म्हणजे... तुम्ही..."

"मरोळचे, काकी. चर्चच्या मागेच घर आहे."

"असं," वनमालाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात बांगड्याची आणखी एक तुकडी वाढली. यातून काय समजायचं, ते प्रांजलला काही समजेना.

संध्याकाळी बाबांची चालायची वेळ झाली. रोज चालायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. तिघे मिळून जवळच्या मैदानावर गेले. पोरांचं क्रिकेट संपत आलं होतं, उन्हं कलली होती आणि वारा सुटला होता. बाबा हात हलवत असे झपाझप निघाले की ही दोघं मागेच राहिली.

"तू मुलुंडला येणं का बंद केलंस?"

"तुला राग आला होता."

"मला राग आला होता की काय आलं होतं, ते मलाच माहीत नव्हतं. तू कसं ठरवलंस?"

ती चालता चालता थांबली.

"शेर्विन, मला काहीच कळत नाहीये, यार. आई काय म्हणेल, तुझ्या घरचे काय म्हणतील... तुझा तर चेहरासुद्धा मी मनात चुकीचा काढला होता."

"चुकीचा म्हणजे?"

"दाढी होती."

"ठेवू?"

"नको!" ती घाईने म्हणाली, आणि लाजली. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत... "एकच सांगते. त्या दिवशी गॅलरीतून तुला फोन लावला ना, तेव्हा मी विचार केला नव्हता. आता रोज करते. भरपूर करते. आणि तरी तुझंच नाव येतं."

शिकवताना घडाघडा बोलणारा शेर्विन आता बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"सकाळी आई विचारत होती," अखेर तो म्हणाला, "फुगे कोणाकडे नेतोस? मी म्हटलं, एका पेशंटकडे. ती म्हणाली, पेशंटसाठी नवा शर्ट?"

"मग?"

"मग... सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुझं नाव."

"आणि काय म्हणाली?"

"काही नाही. फुग्यांचा आणखी एक घाणा तळायला घेतला."

प्रांजलला हसू आवरेना. त्यालाही. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पोहोचलेले बाबा वळले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून ओरडले, "अगो, येतास मा? की थंयच बसतलात?"

"आलो, बाबा!" प्रांजलच्या आधी शेर्विनच ओरडला. आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर कानापर्यंत लाल होऊन जागच्या जागी थांबला.

प्रांजलने त्याचा हात धरला.

"चल," ती म्हणाली. "बाबा म्हणून हाक मारलीस ना, मग चल आता."