फोल्कर्टचा ठोकळा बदलला त्या रात्री

चूक वीब्रेनची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या क्लबातली म्हातारी मंडळी ही गोष्ट सांगताना मध्येच वाऱ्याला दोष देतात, थंडीला देतात, जुन्या मालाला देतात. वाऱ्याने काही केलं नाही. वीब्रेनने केलं, चांगला शुद्धीवर असताना केलं, आणि वर खोटं बोलला. दोनदा.

मला ही गोष्ट श्यूर्डकाकांनी सांगितली. आमचा क्लब म्हणजे बंद पडलेल्या डेअरीचं मागचं कोठार. चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक आम्ही तिथे दुरुस्त करतो, जाड कीबोर्डचे, टीव्हीसारख्या मॉनिटरला जोडायचे ते. काम आटोपलं की काका मोठे दिवे घालवतात, टेबलावरचा एक ठेवतात आणि आम्हा पोरांना बसवून घेतात.

"वीब्रेनला मी लहानपणापासून ओळखतो," काका म्हणाले. "माणूस वाईट नव्हता."

"वाईट नव्हता तर गोष्ट कशाला सांगताय?" मी म्हटलं.

"गप रे. शाळा अर्धी सोडलीस, गोष्ट तरी पुरी ऐक."

पोरं हसली.

गेल्या वर्षीची सतरा जानेवारी, शुक्रवार. समुद्राच्या बांधाला लागून जो रस्ता जातो, त्याच्या पार टोकाला हिस्केचं घर. तिचा नवरा फोल्कर्ट नाताळच्या तोंडावर गेला. स्वयंपाकघरात उभा होता, कॉफी ओतत होता, गेला. पुढच्या खोलीत त्याचा संगणक चालू होता. हिस्केने तो बंद केला नाही.

कारण त्यात तिचं चित्र होतं. फोल्कर्ट दर वर्षी तिच्या वाढदिवसाला संगणकावर एक चित्र करायचा. म्हणजे आज्ञा लिहून ठेवायच्या, मग वाढदिवसाला तिने एक बटण दाबायचं, आणि मशीन निळ्या पडद्यावर एकेक पांढरी रेघ ओढत जायचं. चित्र पुरं व्हायला अख्खी संध्याकाळ लागे. वाटाण्याचं सूप व्हायचं, केक व्हायचा, पाहुणे कोट घालायला लागायचे, तरी रेघा चालूच. त्याआधी चित्र कुणी बघायचं नाही हा नियम. यंदाचं लिहून झालं होतं, पण साठवलेलं नव्हतं. ही मशीनं साठवतात ती कॅसेटवर, आणि त्याच्या कॅसेट प्लेयरचा पट्टा वितळून चिकट गोळा झाला होता. वीज गेली की चित्र गेलं. म्हणून मशीन दिवसरात्र चालू.

आणि त्या मशीनचा पॉवर सप्लाय म्हातारा झाला होता. आम्ही त्याला ठोकळा म्हणतो. टेबलाखाली पडून असतो, काळा, जड, आत राळ ओतून कायमचा बंद केलेला. हे ठोकळे म्हातारे झाले की वीज कमी देत नाहीत, जास्त देतात. आणि मरताना एकटे मरत नाहीत, मशीनला घेऊन मरतात. माझ्या ओळखीतले आणखी काही म्हातारे असेच आहेत, पण ते जाऊ दे.

ठोकळ्याला जळकट वास यायला लागला तेव्हा हिस्केने वीब्रेनला बोलावलं. पलीकडच्या गावात तो एकटाच राहायचा, आणि ठोकळे बदलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. संध्याकाळी नवा ठोकळा पिशवीत घालून तो सायकलवर आला. हिस्केने कॉफी दिली, डब्यातून एक बिस्किट दिलं, डबा बंद केला.

"ह्या ठोकळ्यावर पाय ठेवून मी रात्री विणत बसते," ती म्हणाली. "तोही बसायचा. ऊब असते."

"नवा गरम होत नाही."

"मग माझ्या पायांनी काय करायचं?"

"जाड मोजे घालायचे."

"तुझी बायको तुला सोडून का गेली, ते मला अधूनमधून कळतं," हिस्के म्हणाली. दोघंही हसले.

मग ती उठली. शुक्रवारी चर्चमध्ये तिची गायनाची तालीम असे. कोट घालताना म्हणाली, "आधी साठव. मग बंद कर."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. सांगते. आधी साठव."

ती गेली. वीब्रेनने पिशवी उपसली. मीटर होता, नवा ठोकळा होता. कॅसेट प्लेयर नव्हता. तो घरी टेबलावर राहिला होता.

त्याने जुन्या ठोकळ्याची वीज मोजली. जरा जास्त होती, पण फार नाही. आणखी दोन दिवस सहज निघाले असते. म्हणजे घाई कसलीच नव्हती. घरी जाऊन प्लेयर आणायचा, नाहीतर हिस्केला सांगायचं की बाई, उद्या येतो. एवढंच करायचं होतं. पण घरी जायचं म्हणजे बांधावरून, आणि तिकडे जाताना वारा तोंडावर.

"त्या रात्री वारा खरंच फार होता," काका म्हणाले.

"काका!"

"बरं बरं."

वीब्रेनने मोबाइल काढला आणि पडद्यावर आज्ञांच्या ज्या शेवटच्या चारसहा ओळी दिसत होत्या, तेवढ्यांचा फोटो घेतला. हे लक्षात घ्या. हात चुकून लागला, वायर पायात आली, असलं काही नाही. आधी फोटो काढला, म्हणजे नंतर पडदा तसाच दिसायला हवा हे त्याने ठरवलं होतं. त्याच्या मनात आलं, फोल्कर्टचं चित्र ते काय असणार, चर्च नाहीतर मेंढी. आपण याहून बरं काढू.

आणि बटण दाबलं. पडदा विझला.

नवा ठोकळा लावला. मशीन स्वच्छ सुरू झालं, रिकामं. मग खुर्चीत बसून त्याने स्वतःचं चित्र लिहिलं. एक टिटवी, आमच्याकडे असते तसा डोक्यावर तुरा, पायाशी गवत. लिहिण्यात तो हुशार होता, आणि ती हुशारी दाखवल्याशिवाय त्याला राहवत नसे. फोल्कर्टला जे काढायला संध्याकाळ लागायची ते याचं पापणी लवायच्या आत निघत होतं. एकदा चालवून पाहिलं, खूश झाला. मग फोटोतल्या ओळी खाली जशाच्या तशा टाकल्या, नुसत्या दिसायला.

हिस्के परत आली. कोट न काढताच दारात उभी राहिली.

"झालं?"

"झालं."

"चित्र आहे ना रे?"

"आहे की. बघ, पडदा जसाच्या तसा."

हे पहिलं खोटं. हिस्के पडद्यापाशी गेली, ओळी बघितल्या, नाक ओढलं. मग स्वयंपाकघरातून डबा आणला आणि त्याला दुसरं बिस्किट दिलं. आमच्याकडे पाहुण्याला बिस्किट एकच, दुसरं मिळतं ते घरच्या माणसाला. वीब्रेनने ते खाल्लं.

साडेदहाला तो निघाला. जुना ठोकळा पिशवीत, पिशवी हँडलला. वारा तोंडावर होताच. ज्या वाऱ्याला तो टाळत होता, तो त्याला शेवटी खावाच लागला. पायडल मारून मारून मांड्या भरून आल्या, सायकल पुढे सरकेना.

पहिलं घर लागलं ते मेंढीवाल्यांचं. आमच्या लोकांना खिडकीला पडदे ओढायची सवय नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याला आतली खोली दिसतेच. सगळे झोपले होते. खोलीत अंधार. आत कोपऱ्यात एक निळा चौकोन. त्यात एक आडवी पांढरी रेघ.

टीव्ही चालू राहिला असेल, वीब्रेनला वाटलं.

दुसरं घर शाळामास्तरीणबाईंचं. नव्वदीच्या. घरात टीव्ही ठेवत नाहीत. खिडकीत निळा चौकोन. आडवी रेघ, आणि तिच्यावर एक तिरकी. बांधासारखी. तो बघत असताना तिसरी रेघ निघाली. हळू. अगदी हळू. एक ठिपका, मग पुढचा ठिपका...

त्या चालीने रेघ ओढणारा एकच माणूस होता.

वीब्रेनने मान खाली घातली. डांबराकडे बघत पायडल मारू लागला. पण वारा असा, की प्रत्येक घरापुढे सायकल थांबल्यासारखी व्हायची. आणि डोळ्याच्या कडेला निळं दिसायचं.

तिसरं घर. खिडकीची चौकट. चौकटीत टेबल.

पुढचं घर विकायला काढलेलं. वर्षभर रिकामं. वीज तोडलेली. निळं. टेबलाशी दोन खुर्च्या.

"थांबला का नाही तो?" मागून एका पोराने विचारलं.

"कुठे थांबणार?" काका म्हणाले. "थांबलं की दिसतं."

त्यानंतरच्या घरात एक खुर्ची भरली. बाई. केसांचा बुचडा. मांडीवर काहीतरी, विणकाम असावं. हिस्के. लगेच ओळखू येत होती. पायाशी एक चौकोनी ठोकळा. त्यावर तिचे पाय.

वीब्रेनने तेव्हा मागे वळायला हवं होतं. मागे जाताना वारा पाठीवर असता. धडाधड गेला असता. जाऊन सांगायचं, हिस्के, मी घालवलं, पण मी ते पाहिलंय, मी तुला पुन्हा काढून देतो. तिला तिचं चित्र मिळालं असतं.

तो वळला नाही.

शेवटचं घर त्याचं स्वतःचं. दिवा लावून गेला नव्हता. स्वयंपाकघराची खिडकी...

निळी.

दुसऱ्या खुर्चीत माणूस होता. खांदे झाले होते. हात टेबलावर. चेहऱ्याची रेघ निघत होती... हनुवटीवरून... वर...

काका थांबले. टेबलावरचा दिवा त्यांनी थोडा लांब सरकवला.

"चेहरा पुरा व्हायच्या आत त्याने डोळे मिटले," काका म्हणाले. "कुंपणाला धरून उभा राहिला. किती वेळ, त्यालाही माहीत नाही. उघडले तेव्हा खिडकी काळी होती."

फेब्रुवारीत हिस्केचा वाढदिवस आला. मधल्या दिवसांत वीब्रेन तिच्याकडे गेला नाही. फोनही केला नाही. पण बोलावणं आलं, आणि नाही म्हणायची छाती झाली नाही.

नेहमीसारख्या खुर्च्या गोल मांडलेल्या. येणारा प्रत्येक जण बसलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करत, आमच्या रीतीप्रमाणे, गोल फिरत होता. गुलाबी केक कापला. सूप चुलीवर होतं. हिस्केने नवी पांढरी कॉलर लावली होती. ती संगणकापुढे बसली, पाय सवयीने ठोकळ्यावर ठेवले, गार लागले तसे काढून घेतले.

"मोठी रात्र आहे," ती पाहुण्यांना म्हणाली. "कॉफी घेऊन बसा सगळे."

तिने बटण दाबलं.

टिटवी आली. तुरा, चोच, पाय, गवत. झाली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा रे फोल्कर्ट!" कुणीतरी ओरडलं. हिस्के पडद्याकडे बघत राहिली, पुढची रेघ यायची आहे अशी. आली नाही.

"झालं?" ती म्हणाली. "एवढंच?"

ती पाहुण्यांकडे वळली.

"फोल्कर्टला कसली घाई होती?"

"नवा ठोकळा आहे ना," वीब्रेन म्हणाला. "जोर जास्त... त्यामुळे भरभर..."

आमच्या क्लबातलं शेंबडं पोरही या वाक्याला हसेल, म्हणून ते मी खोट्यात मोजत नाही. ठोकळा बदलून मशीन जोरात पळत नाही. हिस्केही जाणून होती.

"वीब्रेन," ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसले. मला ठोकळे शिकवू नकोस."

तो खाली बघत होता.

"मी रागावत नाही," ती म्हणाली. "खरंच नाही. तू एकदा तरी चालवून पाहिलं असशील. एवढंच सांग. त्याने काय काढलं होतं?"

त्याला माहीत होतं. बांध, खिडकी, टेबल, ती, तो. तेवढे शब्द पुरे होते. चित्र गेलं होतं, पण शब्दांत तिला ते देता आलं असतं, तिथल्या तिथे, सूप थंड व्हायच्या आत.

"माहीत नाही," वीब्रेन म्हणाला.

हे दुसरं. मला विचाराल तर पहिल्यापेक्षा हेच मोठं.

हिस्के वाकली. मॉनिटरची आणि मशीनची, दोन्ही वायरी भिंतीतून ओढून काढल्या. पडदा काळा झाला.

पुरा काळा झाला नाही.

काचेत काहीतरी होतं. करडं, पुसट. एकच चित्र वर्षानुवर्षं पडद्यावर राहिलं की काच ते धरून ठेवते, जुन्या मॉनिटरना असे डाग पडतात. पण हे चित्र त्या पडद्यावर एकदाही उमटलं नव्हतं. बांध. खिडकी. टेबल. विणणारी बाई, ठोकळ्यावर पाय. पाहुणे खुर्च्या सोडून पुढे आले. काकाही होते, त्यांनी स्वतः पाहिलं.

समोरची खुर्ची रिकामी होती.

हिस्केने त्या खुर्चीवर बोट ठेवलं. हळूच विचारलं, "इथे कोण होतं?"

वीब्रेनने कोट उचलला आणि निघून गेला.

मॉनिटर हिस्केने नंतर क्लबाला दिला. खिडकीशेजारच्या फळीवर आहे. मी काच स्पिरिटने पुसून पाहिली. जात नाही.

"आणि वीब्रेन?" मी विचारलं.

"मध्ये गेलो होतो त्याच्याकडे," काका म्हणाले. "हे सगळं त्याने मला तेव्हाच सांगितलं. उभ्या उभ्या. मी म्हटलं, बस की रे. तर म्हणाला, नको, ती खुर्ची रिकामी नाही."

वीब्रेन आता ठोकळे बदलत नाही. रात्री त्याच्याकडे कुणी जात नाही. स्वयंपाकघरात टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत. तो उभ्याने जेवतो.