न विचारलेला त्याग

"थांबा! इथंच थांबा!" म्हणत पप्पांनी रिमोट उचलला, आणि पडद्यावरची थोरली सून भरल्या डोळ्यांनी उंबरठ्यावर तशीच थिजून राहिली... घरादाराच्या सुखासाठी आपला हक्क सोडून, कुणाला चकार शब्द न सांगता ती माउली निघाली होती!

"आजोबा, काय यार! क्लायमॅक्स आहे!" अकरावीतली नात सान्वी करवादली.

पण पप्पा, म्हणजे त्र्यंबकराव साळवे, ऐकणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांच्या लहानपणी मोहने गावच्या ख्रिस्ती मंडळीत सिनेमा म्हणजे सैतानाची शाळा. चोरून पाहिला तर वडिलांचा मार ठरलेला. म्हातारपणी मात्र त्यांनी स्वतःचाच नेम काढला होता. सिनेमा पाहणं पाप नाही, डोकं बाजूला काढून ठेवून पाहणं पाप! म्हणून दर शनिवारी संध्याकाळी, शहाडच्या त्या दोन खोल्यांत, सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहायचा आणि ऐन रडारडीत तो थांबवून पप्पांनी विचारायचं, या माणसांत प्रभू कुठं दिसतो?

"दिसला का?" आज त्यांचा आवाज कापरा झाला होता. "ही बाई म्हणजे क्रूसाच्या वाटेनं चाललेली! आणि अशीच एक आपल्याही घरात आहे. आपली नीला!"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्यांची सून, नीला, दोन पावलं मागे सरली.

गेल्या रविवारीही असंच झालं होतं. भर उपासनेत प्रभूच्या कृपेची साक्ष द्यायला उभे राहून पप्पांनी साऱ्या मंडळीला सांगितलं होतं की ठाण्याच्या दवाखान्यानं माझ्या सुनेला पुन्हा बोलावलं, पण म्हाताऱ्या सासऱ्यासाठी तिनं त्या नोकरीवर पाणी सोडलं! बायकांनी डोळे पुसले... आणि बाकावर बसलेल्या नीलाला असं काही बोलावणं आल्याचं तेव्हाच पहिल्यांदा कळलं!

सासूबाईंच्या आजारपणात तिनं नर्सची नोकरी सोडली होती, ती मात्र स्वतःहून, मनापासून. त्या गेल्यालाही आता दोन वर्षं झाली होती. त्या रविवारी उपासनेआधी दवाखान्यातल्या नर्सच्या प्रमुख मेट्रनबाईंनी चर्चबाहेर विनीतला, तिच्या नवऱ्याला, विचारलं होतं आणि त्यानं हसत हसत परस्पर सांगून टाकलं होतं, "छे हो, पप्पांना सोडून ती कुठली येतेय!" तेच त्यानं पप्पांच्या कानावर घातलं, आणि उपासनेनंतर घरी येताना कौतुकानं तिलाही सांगितलं. त्यात दुष्टावा नव्हता, हेच तर दुःख! या घरात तिच्यावर सगळ्यांची माया होती, फक्त तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. आणि परवा, सोमवारी ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

आठवडाभर गिळलेला हुंदका आज आवरेना.

"नाही पप्पा!" ती म्हणाली. "त्या बाईनं स्वतः ठरवलं. प्रभूनंही आपला जीव आपण होऊन दिला, कुणी त्याच्या नावानं परस्पर देऊन टाकला नाही! मला कुणी विचारलं होतं? माझा त्याग तुम्ही दोघांनीच केलात हो... मी नुसता बाकावर बसून ऐकला!"

"अगं नीला, मला वाटलं तुला..." विनीत अडखळला.

"वाटलं ना? मग विचारायचंस रे!"

पप्पा मटकन खाली बसले. दर शनिवारी परक्यांच्या घरातले अन्याय हुडकून काढणारा माणूस, आणि दिव्याखालीच अंधार! मग ते भिंतीचा आधार घेत उठले आणि सुनेपुढे येऊन त्यांनी चक्क हात जोडले.

"पप्पा, असं नका ना करू!" तिनं घाईनं त्यांचे हात धरले.

"करू दे मला. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायची आहे. तुझ्याशी समेट झाल्याशिवाय मी कुठल्या तोंडानं जाऊ त्या मेजाजवळ? भर मंडळीत खोटी साक्ष दिली मी, तेही उद्या उभा राहून सांगेन. पण आधी जे विचारायला हवं होतं ते विचारतो. बाळ, तुला जायचंय का नोकरीवर?"

सवयीनं 'नाही' तिच्या ओठांवर आलंच होतं. ते थकलेले हात, गोळ्यांच्या वेळा, दुपारचं एकटेपण... 'नाही' म्हटलं असतं तर सगळे पुन्हा रडले असते आणि तिच्यावर आणखी जीव टाकला असता!

"हो पप्पा," ती म्हणाली. "जायचंय मला. खूप जायचंय!" आणि लहान मुलीसारखी ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.

"चुकलो गं," विनीत पुटपुटला. "पप्पांचा डबा सकाळी मी करून जाईन."

"आत्ताच सांगतो मेट्रनबाईंना!" डोळे पुसत पप्पांनी फोन लावलासुद्धा. पलीकडून "हॅलो" आलं, त्यांनी बोलायला तोंड उघडलं... आणि ते थबकले. कानाचा फोन काढून त्यांनी तो सुनेच्या हातात दिला.

"तूच बोल, बाळ."

नीलानं ओढणीनं चेहरा पुसला.

"मेट्रनबाई, मी नीला साळवे बोलतेय," ती म्हणाली. "माझं उत्तर तुम्हाला अजून मिळालेलं नाही."