नथूच्या डोक्यावरचं हेल्मेट

हे कोणी मानणार नाही. माळशेजच्या उतारावर बिबट्यानं हात दाखवून एसटी थांबवली म्हणून सांगितलं, तर चार माणसं मान डोलावतील. पण वैशाखरे गावच्या नथूनं हेल्मेट घातलं होतं म्हटलं, की तीच चार माणसं उठून चालू लागतील. ‘हेल्मेट घातलं की कान बंद. मागनं यम आला तरी कळायचा नाय,’ असं म्हणणारा तो माणूस. आणि तो मेला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. हनुवटीखाली पट्टासुद्धा लावलेला.

फेब्रुवारीतली दुपार. साडेचारला चौकीत फोन वाजला. मुरबाडकडे निघालेल्या एसटीच्या चालकानं मोरीजवळ एक मोटारसायकल आडवी झालेली पाहिली होती.

हवालदार पल्लवी अहिरे पोचली तेव्हा रस्ता ओकाबोका होता. नवी कोरी गाडी डाव्या अंगावर पडलेली. दहा पावलं मागं, खडीच्या कडेला वाळल्या गवतात नथू कुशीवर पडलेला. आणि मोरीच्या कठड्यावर डोकं धरून बसलेला त्याचा पुतण्या रितेश.

पल्लवी मूळची डोळखांबकडची. बाप रानात, आजा रानात. प्रेताकडे ती घाईनं बघत नसे. तिनं पंचांना जवळ बोलावलं आणि लिहायला घेतलं. मळका सदरा, गुडघ्यापर्यंतची चड्डी. कमरेला दोरी, दोरीला पाठीमागं लाकडी आकडी, आकडीत कोयता. पातं उघडं, झाडाच्या चिकानं काळं पडलेलं. भाताची जमीन भाजायच्या राबासाठी झाडांची टहाळं तोडायचे दिवस. या दिवसांत इथल्या गड्याच्या पाठीला कोयता नसता तरच नवल. तिनं तेही लिहिलं आणि पान उलटलं.

नवल वाटलं ते हेल्मेटचं. या माणसाला तिनं स्वतः नाक्यावर तीनदा अडवलं होतं. तिन्ही वेळा तो उघड्या डोक्यानं हसला होता.

ती रितेशकडे वळली.

“गाडी कुणाची?”

“माझी. नवीन घेतलीय.”

“चालवत कोण होतं?”

“काका. त्याच्याकडं लायसन हाय. माझं अजून नाय झालं ना मॅडम.”

“नवी गाडी घेऊन तू मागं बसतोस?”

“भरतीच्या लिस्टमध्ये नाव लागलंय माझं. पोलिसात. पडताळणी बाकी हाय. एक केस पडली का सगळं संपलं. रिस्क कोण घेणार?”

“बरं. झालं काय?”

“काका रानातनं येत होता. म्हणाला, दे बघू तुझी गाडी. मंग जोरात सोडली. मी मागं घाबरून पार चिकटून बसलो, दोन्ही हातांनी मिठी मारून. म्हैस आडवी आली. ब्रेक मारला नि गाडी डावीकडं घसरली. काका जागीच गेला.”

“हेल्मेट?”

“माझंच. मीच म्हटलं, चालवतोस तर घाल.”

“आणि त्यानं घातलं?”

“घातलं.”

“अँब्युलन्सला फोन का नाय केलास?”

“हात कापत होते मॅडम. नंबर लागंना.”

पल्लवीनं त्याला उभं केलं. डावं कोपर सोललेलं, डावा गुडघा फुटलेला. पांढऱ्या टीशर्टची डावी बाही फाटून लोंबत होती. छाती-पोटावर मात्र एक चुणीसुद्धा नव्हती.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी हेल्मेट काढलं. जखम मागं होती, कवटीच्या खालच्या बाजूला. जखमेत बारीक खडी आणि गवताच्या काड्या.

“हेल्मेट मागनं फुटलंय का?” पल्लवीनं विचारलं.

डॉक्टरांनी ते फिरवून पाहिलं. डाव्या बाजूला गालापासून कानापर्यंत पांढरे ओरखडे. मागची बाजू दुकानातून आणल्यासारखी गुळगुळीत.

“मग आत काड्या कशा गेल्या?” डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

पल्लवीनं हेल्मेट सील करायला लावलं.

गावानं तोवर निकाल देऊन टाकला होता. नथू म्हातारपणी उधळला, कर्त्या पोराला घेऊन मरत होता. तिसऱ्या दिवशी पल्लवी नथूच्या घरी गेली, तेव्हा त्याची बायको धोंडाबाई चुलीपुढं बसली होती. चूल थंड. बारावीला असलेली लेक सोनाली कोपऱ्यात, पुस्तक उलटं धरून.

“बाय, लोक असं बोलतात,” धोंडाबाई म्हणाली. “माझा माणूस बैल पण कधी जोरात हाकलायचा नाय.”

“मावशी, खरं सांगते. कागद असाच गेला तर गुन्हा नथूदादावरच. आरोपी मयत म्हणून फाईल बंद. कोर्टात भरपाई मागायची तर तीपण वाट बंद. ज्याची चूक, त्याच्याच घरच्यांना कोण देणार?”

“नि तो मागं बसला असंल तर?”

“तर चूक चालवणाऱ्याची. मंग तुमी नि सोनाली दावा लावू शकता. गाडीचा विमा पुरा हाय, मी बघितलाय.”

धोंडाबाईनं मान हलवली. तिला विम्यातलं काही कळलं नाही. नवऱ्याच्या नावापुढं आरोपी लिहिणार, एवढं मात्र नीट कळलं.

“तुमी बसायच्या का त्याच्या गाडीवर?” पल्लवीनं सहज विचारलं.

“बसायची ना. जुन्या गाडीवर, टहाळाला जाताना.”

“कोयता कुठं असायचा?”

“माझ्या मांडीवर, गोणपाटात गुंडाळून. दुसरीकडं कुठं ठेवणार?”

पल्लवी उठली. तशीच चौकीकडे निघाली.

पाचव्या दिवशी ती परत आली, सोबत दोन शिपाई. ओटीवर भावकी जमलेली. रितेश कोपराला पट्टी बांधून मधोमध. तोच प्रसंग तो दहाव्यांदा सांगत होता, आणि प्रत्येक खेपेला म्हैस थोडी मोठी होत होती.

“मावशी, घरात दुसरा कोयता हाय?” पल्लवीनं विचारलं.

धोंडाबाईनं आकडीसकट आणून दिला. पल्लवीनं दोरी आपल्या कमरेला आवळली, आकडी पाठीमागं घेतली, कोयता अडकवला आणि अंगणातल्या बाकावर दोन्हीकडं पाय टाकून गाडीवर बसावं तशी बसली.

“रितेश, ये. मागं बस.”

“कशाला?”

“त्या दिवशी बसला होतास तसा. चिकटून. दोन्ही हातांनी मिठी मारून.”

रितेश दोन पावलं आला आणि थांबला. मागं बसला असता तर उघडं पातं बरोबर त्याच्या बेंबीवर आलं असतं.

“बस की रे,” एक म्हातारा म्हणाला. मग त्यालाच समजलं.

पल्लवी उठली. दोरी सोडून कोयता खाली ठेवला.

“नथूदादाच्या आकडीत कोयता तसाच होता. उघडा. चालवणाऱ्याच्या पाठीला कोयता असला तर मागं कुणी बसत नाय, हे इथल्या शेंबड्या पोराला ठावं. ब्रेक मारल्यावर तर मागचा माणूस पुढं येतो. तुझं पोट उघडलं असतं रितेश. तुझ्या टीशर्टाला चुणी पण नव्हती. कारण तू त्याच्या मागं नव्हतासच. पुढं होतास. मागं नथूदादा होता, आणि त्याच्या मागं कोणी नव्हतं, म्हणून कोयता पाठीलाच राहिला.”

“हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं!” रितेश ओरडला.

“हेल्मेटचा डावा गाल खरवडलाय. डावं कोपर कुणाचं सोललं? डावा गुडघा कुणाचा फुटला? हेल्मेट तुझ्या डोक्यावर होतं, म्हणून तू आज इथं उभा हाईस. त्याला लागलं मागं, उघड्या डोक्याला. आधी खडीनं डोकं फुटलं, गवत जखमेत गेलं, आणि नंतर कुणीतरी वरून हेल्मेट चढवलं. लायसन तुला नाय. केस पडली तर भरती गेली. आणि काका तर बोलायला येणार नव्हता.”

तिनं वहीतलं पान मागं उलटलं.

“फोन लावायला हात कापत होते तुझे. बक्कल लावायला नाय कापले.”

रितेशची आई पदर तोंडात कोंबून आत गेली. शिपाई पुढं सरकले. रितेश मटकन खाली बसला आणि धोंडाबाईच्या पायाशी सरपटत गेला.

“काकी, मी मारलं नाय गो त्याला. देवाशपथ. माझंच चुकलं, जोरात होतो मी. पण काका जागीच गेला. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी ठेवावी तसं ठेवलं, एवढंच. त्याचं काय जाणार होतं? माझं आख्खं आयुष्य जात होतं.”

धोंडाबाईनं पाय मागं घेतले.

“मी त्याला जरापण दुखवलं नाय काकी,” रितेश रडत बोलत सुटला. “हळूच मान उचलली. पट्टापण नाय आवळला. घट्ट नको म्हणाला, तर मी सैल ठेवला.”

पल्लवीचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

धोंडाबाईनं वाकून त्याची हनुवटी वर केली.

“जागीच गेला ना रे तो? मंग घट्ट नको म्हणाला कोण?”