‘येते’ म्हणणारी

दिगंबर पोंक्षे खिडकीशी बसून कोथिंबीर निवडत होते, तेवढ्यात संगणकातून मुलीचा निरोप ऐकू आला. “बाबा, पिल्लूचे फोटो पाठवलेत. लगेच उघडा हं. जाते आता!”

नातीला पहिला दात आला होता. जुडी टाकून ते उठले, पडद्याला बोट लावलं. पण काहीच उघडेना.

“काका, जरा थांबा,” उंबरा म्हणाला.

उंबरा म्हणजे घरच्या संगणकांचा नवा राखणदार. जुने राखणदार ओळखीचे विषाणू तेवढे अडवत. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या हेर-आज्ञावल्या त्यांच्या नाकाखालून आत शिरत. उंबरा घरातल्यांच्या बोलण्याची ढब शिकून घेई आणि उपरा शब्द कानावर आला की दार लावून घेई.

“अरे, मृण्मयी आहे ती!”

“ती ‘जाते’ म्हणाली. या घरात निघताना सगळे ‘येते’, ‘येतो’ म्हणतात.”

“अहो, त्याचं ऐका,” सुलभाताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. “तुमचा कोश पुसला गेला म्हणजे?”

कोकणातल्या माशांच्या गावोगावच्या नावांचा तो कोश. कुणाला दाखवण्याजोगा झालाय, असं दिगंबररावांना कधी वाटलंच नव्हतं. त्यामुळे दुसरी प्रतही नव्हती. त्यांचं बोट मागे आलं. त्यांनी स्वतःच मुलीला ऑस्लोला फोन लावला.

“फोटो? मी कुठे पाठवले?” मृण्मयी किंचाळलीच. “उघडलं नाहीत ना?”

“नाही गं. उंबऱ्याने अडवलं.”

“नशीब! कोशाची एक प्रत आजच वेगळी काढा. आणि एक मला पाठवा.”

“तुला पाठवण्यासारखा अजून...”

“पाठवा हो बाबा! बरं, मीटिंग आहे. जाते!”

फोन बंद झाला. सुलभाताईंचं लाटणं थांबलं.

“काका,” उंबरा हळूच म्हणाला, “म्हणजे नक्कल बिनचूक होती. मीच जुन्या मृण्मयीला धरून बसलो होतो.”

दिगंबररावांनी पुन्हा फोन लावला. “अगं, येते म्हण.”

“अय्या, विसरलेच की!” ती हसली. “येते, बाबा. दिवाळीला खरंच येते.”

“ऐकलंत? खरंच येते म्हणाली,” म्हणत सुलभाताईंनी पोळी तव्यावर टाकली. दिगंबरराव कोशाची प्रत काढायला बसले.

“काका, पुढच्या वेळी चोरही ‘येते’च म्हणेल,” उंबरा म्हणाला. “मग मी खऱ्या मृण्मयीला कशावरून ओळखू?”